हे म्हणणे खरे नाही की

"तुम्ही राहायला कुठं असता?" पेंढारकर वकिलांनी विचारलं.

"बापूरावांच्या गोठ्यात," पिंजऱ्यात उभा असलेला सावळा म्हणाला. "लहानपनापास्नं तितंच की."

सबनीस साहेबांनी डोळे मिटले. मराठीत मजकूर सांगायचा असला की आमचे न्यायाधीश आधी डोळे मिटून इंग्रजीत विचार करत आणि मग डोळे उघडून तो मला मराठीत सांगत. "लिहा. मी प्रतिवादीच्या गोठ्यामध्ये वास्तव्य करतो, आणि मी माझ्या बालपणापासून तसे करत आलेलो आहे."

मी टाइप केलं.

"गजराबाईंच्या घरामागून वाट आहे का?"

"तितं वाट न्हाई," सावळा पाढा म्हणावा तसं म्हणाला. "कवाच नव्हती."

"लिहा. अशी कोणतीही वाट अस्तित्वात नाही जी वादीच्या घराच्या उत्तरेकडून जाते. तशी ती पूर्वीही अस्तित्वात नव्हती."

सावळा माझ्या यंत्राकडं बघत राहिला. आपण बोललो चार शब्द, आणि हे एवढा वेळ कशाला खडखडतंय, हे काही त्याच्या ध्यानात येत नव्हतं. साठीच्या पुढचा, काटकुळा माणूस. बापूरावांच्या वडिलांच्या काळापासून त्या घरची गुरं राखत आलेला. आज बापूरावांच्या बाजूनं साक्ष द्यायला आणलेला.

ही गोष्ट शहाऐंशी सालची. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि आमच्या तालुक्याच्या दिवाणी कोर्टात हंगामी टायपिस्ट होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण कोर्ट अजून तिथंच आहे आणि टायपिस्टही अजून टाइप करतोच आहे.

दावा साधा होता. गजराबाई विधवा, मूलबाळ नाही. वाटणीत तिला घराची मागची एक खोली आणि एक वसरी आली होती. खोलीतून रस्त्यावर यायला बापूरावांच्या गोठ्याला लागून एक वाट होती. बापूराव तिच्या दिराचा मुलगा. त्यानं शिमग्यात त्या वाटेवर भिंत घातली. झालं. आता गजराबाईला दळण आणायचं तरी ओढ्यात उतरून, गुडघाभर पाण्यातून पलीकडं चढावं लागे. एकदा ती डोक्यावरच्या हंड्यासकट आपटली आणि हात मोडून घेतला. तिचं मागणं एवढंच होतं की भिंत पाडा आणि मला माझ्या वाटेनं जाऊ द्या. पासष्टाव्या वर्षी ओढ्यात उतरायला लावू नका.

बापूरावांचं म्हणणं असं, की वाट नव्हतीच. नसलेली वाट मी बंद कशी करीन?

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळा घोळ माझ्या हुशारीनं झाला.

मला कोर्टाची मराठी फार आवडायची. इतर लोक मराठी बोलत, मी कोर्टाची बोलत असे. ती भाषा कुठून आली हे कुणी विचारलं तर मी अभिमानानं सांगायचो की विलायतेहून. वाक्य तिकडं जन्माला आलं, आपण त्याला फक्त धोतर नेसवलं. घरी बायकोनं विचारलं, "रॉकेल आणलं का?" तर मी म्हणायचो, "हे म्हणणे खरे नाही की मी रॉकेल आणायला विसरलो." कुमुद म्हणायची, "मग खरं काय ते बोला, त्याशिवाय स्टोव्ह पेटायचा नाही." चहाच्या टपरीवर आम्ही कोर्टातली मंडळी एकमेकांना "मी आपल्या निदर्शनास आणून देऊ इच्छितो की चहा गार झालेला आहे" असं म्हणायचो. टपरीवाल्याला वाटायचं, शिकलेली माणसं आहेत, असंच बोलत असतील.

माझा वेगही नावाजलेला होता. जिल्ह्याच्या कोर्टातून एकदा एक साहेब मला बघायला आले होते. त्या वेगाचं एक गुपित होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही.

उलटतपासाच्या शेवटी समोरचा वकील साक्षीदाराला पाचसहा गोष्टी बोलून दाखवतो. तुम्ही खोटं बोलता, तुम्ही पैसे घेतलेत, तुम्ही त्या दिवशी गावात नव्हतात, असल्या. या त्याला बोलून दाखवाव्याच लागतात. आणि साक्षीदार प्रत्येकीला नाहीच म्हणतो. म्हणणारच. स्वतःहून "हो, मी खोटारडा" असं कोण म्हणेल? मी चार वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं. म्हणून वकिलानं तोंड उघडलं की मी "हे म्हणणे खरे नाही की" एवढं आधीच ठोकून ठेवायचो, आणि त्यापुढं वकिलाचंच वाक्य जोडून टाकायचो. साक्षीदार बोलेपर्यंत माझी ओळ संपलेली असे. आपल्या बोलण्यात 'नाही' शेवटाला येतं, त्यामुळं शेवटपर्यंत ऐकावं लागतं. कोर्टाच्या वाक्यात ते आधीच बसलेलं, ऐकायचं कामच नाही. साहेबही हे ओळखून होते. तेवढी दहा मिनिटं ते मजकूर सांगायचे नाहीत, बाकीच्या फायलींवर सह्या करून घ्यायचे.

तर त्या मंगळवारी गजराबाईचे घोलप वकील उठले. त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि हातात कागद. दुसऱ्या कोर्टात त्यांचं आणखी एक काम लागलं होतं, त्यामुळं एक पाय दाराकडं.

"मी म्हणतो की तुम्ही बापूरावांचं मीठ खाता म्हणून त्यांच्या बाजूनं बोलताय."

"न्हाई."

हे म्हणणे खरे नाही की. खट खट खट.

"मी म्हणतो की तुम्हाला काय बोलायचं ते पढवून आणलंय."

"न्हाई."

हे म्हणणे खरे नाही की.

"मी म्हणतो की ती वाट तुमच्या समजत्या वयापासून वापरात आहे आणि बापूरावांनी ती गेल्या शिमग्यात भिंत घालून बंद केली."

हे म्हणणे खरे नाही की ती वाट माझ्या समजत्या वयापासून वापरात आहे. माझी ओळ पुरी झाली, यंत्राची घंटी वाजली, आणि मी गाडा मागं ढकलताना ऐकलं,

"व्हय."

माझा हात तिथंच राहिला.

सावळा दाराजवळच्या बाकाकडं बघत होता. तिथं गजराबाई बसली होती, मोडून वाकडा जुळलेला हात पदराखाली घेऊन. "वाट हाय की," तो म्हणाला. "धाकल्या वयनींची वरात त्याच वाटनं आली. म्या म्होरं मशाल धरली व्हती. खोटं कशाला बोलू?"

आता इथं कोर्टात खळबळ वगैरे उडाली असं सांगायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. घोलप वकील कागदावरची पुढची ओळ वाचत होते, "मी म्हणतो की तुम्ही शपथेवर खोटं सांगताय." सबनीस साहेब कुठल्यातरी वारसदाखल्यावर सही करत होते. पेंढारकर वकील शेजारच्याशी मुलीच्या स्थळाबद्दल हळू आवाजात बोलत होते. ज्याच्या हातात वकिली होती तो वाचत होता, ज्याच्या हातात न्याय होता तो सही करत होता, आणि ज्याच्या हातात कान असायला हवे होते त्या माझ्या हातात टाइपरायटर होता.

ऐकलं फक्त तिघांनी. गजराबाईनं ऐकलं, तिनं पदर तोंडाला लावला. बापूरावांनी ऐकलं, त्यांचा सुपारी कातरणारा अडकित्ता थांबला. आणि मी ऐकलं.

"संपलं," म्हणून घोलप वकील दाराबाहेर पडलेसुद्धा.

"वाचून दाखवा आणि अंगठा घ्या," असं म्हणून साहेब जेवायला आत गेले.

माझ्यापुढं कागद होता आणि त्याखाली तीन कार्बनप्रती. चारही ठिकाणी खोडायचं, चारही ठिकाणी साहेबांची बारीक सही घ्यायची, आणि सही घेताना कारण सांगायचं. आठवड्यापूर्वीच साहेब म्हणाले होते, "बोधे, तुमच्या कागदावर रबर फिरलेलं मला यापुढं दिसता कामा नये." मला नोकरीत कायम करायचा कागद त्यांच्याच टेबलावर पडून होता. कुमुदला सातवा महिना होता.

मी सावळाला जवळ बोलावलं आणि वाचायला लागलो. तो मान खाली घालून ऐकत होता. त्या ओळीपाशी आलो. कागदावर काय होतं ते सांगितलंच आहे. मी वाचलं, "हे म्हणणे खरे आहे की ती वाट माझ्या समजत्या वयापासून वापरात आहे."

"बराबर," सावळा म्हणाला. "आन् मशालीचं?"

"ते पण आहे," मी म्हणालो.

त्यानं अंगठा उठवला. अंगठ्याखाली आधीच छापल्यासारखं टाइप केलेलं होतं, 'साक्षीदारास वाचून दाखविले, त्याने बरोबर असल्याचे मान्य केले.' हेही मी नेहमी आधीच टाइप करून ठेवत असे.

माझ्या मनात असं होतं की डबा खाऊन आल्यावर ते पान नव्यानं टाइप करू. डबा खाऊन आलो तर शिरस्तेदारांनी कागद आत नेऊन साहेबांची सही घेतली होती, फाइल बांधली होती आणि कपाटात टाकली होती. एरवी त्यांना हे करायला तीन दिवस लागत.

घरी गेलो. कुमुदनं ताट वाढलं आणि विचारलं, "काय झालंय?"

"काही एक घडलेले नाही," मी म्हणालो.

ती भाताचा डाव हातात धरून माझ्याकडं बघत राहिली. "घडलेलं नाही म्हणजे तुम्ही काहीतरी केलंय."

मी तिला काही सांगितलं नाही. बुधवार गेला. मी स्वतःला समजावलं की घोलप वकील युक्तिवादाच्या आधी साक्ष वाचतील, तेव्हा त्यांच्या लक्षात येईलच. त्यांच्या काय लक्षात येणार होतं? त्यांनी ते उत्तर ऐकलंच नव्हतं, आणि कागदावर जे होतं तेच त्यांना अपेक्षित होतं. पण माणसाला गप्प बसायचं असलं की त्याला कुठलंही कारण पुरतं.

गुरुवारी दुपारी गजराबाई आली.

मी कोर्टाच्या मागच्या व्हरांड्यात नकला टाइप करत होतो. ती खांबाला धरून उभी राहिली. लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत ओला होता.

"टायपिस्ट तूच न्हवं?"

"हो आजी."

"नक्कल मिळाली बग." तिनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. तो मीच आदल्या दिवशी डोळे झाकून टाइप केलेला होता. "वकीलसायबास्नी वेळ न्हाई. तेवढं वाचून दाव की."

"सगळं?"

"सगळं कशाला? सावळा त्या वाटंचं काय म्हनला, तेवढंच. परत एकदा ऐकू दे." ती व्हरांड्याच्या कडेला बसली. "बिचाऱ्याला बापूनं त्याच सांजला हाकलला. गाठोडं फेकून दिलं भाइर. पन्नास वरसं व्हता त्या गोठ्यात. आता माझ्या वसरीला ऱ्हायलाय. म्या म्हनलं, अरं कशाला बोललास? तर म्हनतो, वयनी, मशाल म्याच धरली व्हती, आता न्हाई कसं म्हनू?"

मला बापूरावांचा थांबलेला अडकित्ता आठवला. सावळा 'व्हय' म्हणाला हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्याचा दंड त्यांनी त्याच दिवशी वसूल केला होता. ते 'व्हय' माहीत नव्हतं ते फक्त कोर्टाला.

"वाच की लेकरा."

मी कागद हातात घेतला. पुन्हा एकदा जे नाही ते वाचता आलं असतं. त्या म्हातारीला वाचता येत नव्हतं, ती खूश होऊन गेली असती आणि महिन्याभरानं हरली असती. पण माझी जीभ काही वळेना. मी जे होतं तेच वाचलं. "हे म्हणणे खरे नाही की ती वाट माझ्या समजत्या वयापासून वापरात आहे आणि प्रतिवादीने ती गेल्या शिमग्यात भिंत घालून बंद केली."

"ह्ये कुनाचं?"

"सावळाचं."

"ह्ये सावळाचं न्हाई," ती म्हणाली. अगदी सहज, दुकानदारानं दुसऱ्याचं सामान आपल्या पिशवीत घातलं तर सांगावं तसं. "सावळा असं कुटं बोलतो? आमच्यात असं कोनच बोलत न्हाई. ह्ये तुझं हाय."

मी कागद तिच्या हातात परत दिला.

"त्यो व्हय म्हनला. तू ऐकलंस. माझ्याकडं बगत व्हतास."

"ऐकलं आजी."

"मग?"

मी तिला सगळं सांगितलं. आधी टाइप करून ठेवतो ते, कार्बनचं, कायम होण्याचं, आणि सावळाला काय वाचून दाखवलं तेही. सांगताना मला असं वाटत होतं की ती रडेल, शिव्या देईल. तिनं कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली.

"माझी वाट गेली तर जाऊ दे," ती म्हणाली. "म्या उतरंन वढ्यात. किती दिस ऱ्हायल्यात माझं? पन त्यानं त्या एका शब्दापायी घर घालवलं बाबा. त्यो शब्द तरी कागदावर असू दे. त्येवढा त्याचा त्याला परत दे."

मी उठलो आणि साहेबांच्या खोलीत गेलो. मला लाज वाटत होती, आणि भीतीही वाटत होती.

साहेबांनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला. मग ते सावरले, डोळे मिटले. "लिहा. 'साक्षीच्या टंकलेखनादरम्यान अनवधानाने एक दोष राहून गेल्याचे निदर्शनास आलेले आहे.' पुरे एवढं."

"साहेब, दोष राहून गेला नाही. मी केला."

"तेच ते."

"आणि निदर्शनास आला नाही. गजराबाईनं माझ्यापुढं ठेवला."

"बोधे, ही कार्यालयीन टिप्पणी आहे. गोष्ट सांगताय का?"

"हो साहेब," मी म्हणालो, आणि चार वर्षांत पहिल्यांदा साहेबांनी सांगितलेलं सोडून दुसरंच टाइप केलं. 'सावळा "व्हय" म्हणाला. मी त्याआधीच "खरे नाही" टाइप करून ठेवलं होतं. वाचताना मी त्याला "खरे आहे" असं वाचून दाखवलं, म्हणून त्यानं अंगठा दिला. हे मी केलं.' खाली सही केली.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मूळ साक्षीखाली 'माझ्यासमक्ष वाचून दाखविले' म्हणून त्यांची स्वतःची सही होती आणि त्या वेळी ते आत भाजीपोळी खात होते. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"तो हो म्हणाला तेव्हा मी काय करत होतो?" त्यांनी विचारलं.

"सह्या, साहेब."

"हं." त्यांनी माझा कागद बाजूला ठेवला. वाईट माणूस नव्हता. "तुमच्या एकट्याच्या सांगण्यावर मला साक्ष फिरवता येणार नाही. पेंढारकर वरच्या कोर्टात जाऊन माझे वाभाडे काढतील. सावळाला परत बोलावू. सोमवारी. तो पुन्हा तेच बोलला की प्रश्न मिटला."

मला वाटलं, मिटला. सावळा घर गमावूनही 'मशाल म्याच धरली' म्हणतोय, तो काय बदलणार? घरी जाऊन मी कुमुदला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नोकरी गेली तर माहेरून पापडाचं यंत्र आणू." त्या रात्री मी पोटभर जेवलो. गुरुवार ते सोमवार हे मधले चार दिवस मोठ्या माणसांच्या हातात असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सोमवारी पट्टेवाल्यानं पुकारा केला. सावळा आत आला. अंगात इस्त्रीचा सदरा होता, त्याच्या मापापेक्षा दोन बोटं मोठा. मी त्याला ओळखण्याआधी तो सदरा ओळखला. तो बापूरावांचा होता.

या वेळी कोर्टात सगळे ऐकत होते. घोलप वकिलांनी चष्मा वर सरकवला होता. साहेबांपुढं एकही फाइल नव्हती. माझी बोटं यंत्राच्या कडेला होती, एक अक्षरही आधी टाइप केलेलं नव्हतं.

साहेबांनी स्वतः विचारलं, साध्या मराठीत. "सावळा, गेल्या मंगळवारी तुम्ही या कोर्टात म्हणालात का, की ती वाट पूर्वीपासून आहे?"

सावळानं बाकाकडं बघितलं नाही. तो माझ्या यंत्राकडं बघत होता.

"हे म्हननं खरं न्हाई की," तो म्हणाला, आणि अडला. ओठ हलवून पाहिले. पेंढारकरांनी घसा खाकरला. "की... म्या त्या दिशी तसं म्हनलो."

कुणी हसलं नाही.

"ती वाट आहे की नाही?" साहेबांचा आवाज चढला.

"हे म्हननं खरं न्हाई की तितं वाट हाय."

"आणि मशाल?" घोलप वकील उभे राहून ओरडले. "वरातीपुढं मशाल कुणी धरली होती?"

सावळानं पेंढारकरांकडं पाहिलं. हे त्याला पढवलेलं नसावं. "आता आटवत न्हाई सायेब," तो म्हणाला. "लई वरसं झाली."

साहेबांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. वाक्य उलटंपालटं करायला काही नव्हतंच. "जसंच्या तसं लिहा," ते मला म्हणाले.

मी लिहिलं. प्रत्येक उत्तर पुरं होईपर्यंत थांबलो, मगच अक्षर उमटवलं. चारही प्रतींत एक खाडाखोड नाही. सावळाला जवळ घेऊन सावकाश वाचून दाखवलं, कागदावर होतं तेच. तो "बराबर" म्हणाला. अंगठा देताना मी त्याचं मनगट धरलं.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यातच झालं. निकालात साहेबांनी लिहिलं की सदर साक्षीदाराच्या कथनावर कोणत्याही बाजूने विसंबून राहता येत नाही आणि वादी आपला दावा सिद्ध करण्यात अपयशी ठरलेली आहे. मला लेखी समज देण्यात आली. पुढच्या वर्षी मला कायम करण्यात आलं, आणि त्यानंतर एकतीस वर्षं मी कोर्टात नोकरी केली. बघा, ही वाक्यं कशी छान जमतात. यात कुणीच कुणाचं काही केलेलं नाही.

माझ्या हातून काय गेलं ते मला त्या सोमवारी दुपारीच कळलं होतं. सावळासारख्या माणसाच्या तोंडून मोठ्या घराविरुद्ध खरं निघतं ते एखाद्याच वेळी, ध्यानीमनी नसताना. ते दुसऱ्यांदा मागायची सोय नसते. तो एकदा बोलला होता, आणि ते लिहून घ्यायला सरकारनं मला पगार देऊन बसवलं होतं.

कोर्ट उठल्यावर मी बाहेर आलो. आवारातल्या चिंचेखाली बापूरावांची जीप सुरू होऊन उभी होती. सावळा तिच्याकडं निघाला होता, आणि मध्ये गजराबाई उभी होती. तिच्या काखेत वाकळ होती, दोरीनं बांधलेली.

"ही ऱ्हायली व्हती तुझी वसरीला," ती म्हणाली.

सावळानं वाकळ घेतली. मान खालीच. "म्हस धार द्यायना, वयनी," तो म्हणाला. "चार दिस पान्हा चोरला तिनं. बापूराव सोता आलते बलवायला."

"मला ठावं हाय."

"म्या..."

"वाकळंला ठिगाळ लावलंय. गोठ्यात वारं लई येतंय, नीट पांगरून नीज."

जीपचा भोंगा वाजला. सावळा जाऊन मागच्या बाजूला बसला, वाकळ मांडीवर घेऊन. धुरळा खाली बसेपर्यंत गजराबाई तिथंच उभी होती. मी तिच्याजवळ गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. माफी मागायची होती, पण तोंडात सगळी वाक्यं कोर्टाचीच यायला लागली, म्हणून मी नुसताच उभा राहिलो.

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. लुगड्याचा ओचा वर खोचत, ओढ्याकडं वळता वळता म्हणाली,

"या वक्ताला मातर नीट ऐकून लिवलंस बग."